चंद्र वेळेच्या आधी येतो

सातारा,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. तात्यांना,
शि. सा. नमस्कार.

गुंडाभाऊंनी काल स्टँडवर लिफाफा हातात दिला. आटपाडीच्या गाडीवर त्यांच्यासारखा कंडक्टर आहे म्हणून आपलं चाललंय. कॅमेऱ्याचं कार्ड काड्यापेटीत कापूस घालून पाठवलंत ते फार बरं केलंत, एक ओरखडाही नाही.

फोटो पाहिले. रागावू नका, पण एकही कामाचा नाही. चूक तुमची नाही, मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. चंद्र पिठाच्या गोळ्यासारखा पांढराफटक आलाय, त्यावर एकही डाग दिसत नाही. खाली डोंगर, बिरोबाचं देऊळ आणि वाडी मिळून एक काळा पट्टा झालाय.

असं का झालं ते आमच्या स्टुडिओच्या निमिषदादांनी मला समजावलं, तसंच तुम्हाला लिहितो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून तो भर दुपारच्या दगडाइतका उजळ असतो. वाडी मात्र काळोखात असते. कॅमेऱ्याला दोन्ही एका वेळी झेपत नाही. दोन्ही हवं असेल तर चंद्र डोंगरावर येताना खाली सांजेचा उजेड शिल्लक पाहिजे. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्य बुडतानाच उगवतो, पण तो उघड्या माळावर. आपल्या वाडीला डोंगर आडवा आहे. तो चढून वर यायला चंद्राला वेळ लागतो आणि तोवर अंधार पडतो. त्रिपुरीला मी वाडीवर आलो होतो तेव्हा हे स्वतः मोजलं होतं. कॅलेंडरात दिलेल्या चंद्रोदयानंतर चाळीस मिनिटांनी चंद्राची कड डोंगरावर दिसली.

म्हणून यापुढे फोटो आदल्या संध्याकाळी काढायचा, चतुर्दशीला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे आदल्या दिवशी तो तेवढा लवकर वर येईल आणि वाडीवर उजेड असेल. कडेला एक घास कमी असतो, पण फोटोत तो कुणाला कळत नाही.

एक विचारायचं होतं. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय की चंद्र अडतीस मिनिटांनी दिसला. माझे चाळीस होते. दोन मिनिटांची बाब आहे, पण ती माझ्या डोक्यातून जात नाही. घड्याळ कधी मिळवलं होतं?

निमिषदादा म्हणतात, डोंगरावरच्या चंद्राचा एक चांगला फोटो आण, मग लग्नात दिवा धरायचा सोडून तुझ्या हातात कॅमेरा देतो. म्हणून इतका त्रास देतोय. मला महिन्यातून एक दिवसही सुट्टी मिळत नाही आणि फोनवर तुम्हाला सांगता येत नाही. पुढच्या तारखा आणि वेळा काढून पाठवतो.

आई म्हणते, पाण्याचे एवढे हाल आहेत तर उन्हाळाभर साताऱ्याला या.

आपला,
रविराज


खडकेवाडी,
५ मार्च

चि. रवी यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पिठाचा गोळा म्हणालास, मला तर वाटलं झकास आलाय. आमच्या वेळी फोटूत तोंड दिसलं तरी लोक फ्रेम करायचे.

आदल्या दिवशी काढायची पौर्णिमा मी पैल्यांदाच ऐकली. बिरोबाला न्हाई चालायची अशी पौर्णिमा, पर कॅमेऱ्याला चालती म्हणतोस तर काढतो.

घड्याळावर शंका घेऊ नगंस. तोफखान्यात बावीस वर्सं काढली. कान तिथं ठेवून आलो, पर घड्याळ संगं आणलं. दर बाजाराला फाट्यावर जाऊन गुंडाच्या मोबाईलवर मिळवतो. अडतीस म्हणजे अडतीस.

साताऱ्याला यायचं म्हणशील तर आत्ता जमायचं न्हाई. दिवाळी झाली तशी सगळी मेंढरं घेऊन उतरली, वाडीत मी एकटा. अकरा घरांच्या किल्ल्या माझ्या कंबरंला. दर सोमवारी एकेक दार उघडून आत बघतो, झाडतो, पुन्ना कुलूप घालतो. जाताना शालूबाई म्हणाली, "आवं भावजी, चोर आला तरी तुमास्नी ऐकू यायचं न्हाई." म्हनलं, "चोराला कुठं म्हाईत हाय ते?" लय हसली.

तवा ही माझी पोस्ट हाय. पोस्ट सोडायची तर वरून लेखी हुकूम यावा लागतो. तोंडी सांगण्यावर हललेला जवान मी तरी बघितला न्हाई. मेंढरं जेष्ठात येतील, किल्ल्या ज्याच्या त्याच्या हातात देईन, मग बोलव.

ढाण्या बरा हाय. हल्ली दुपार झाली की उठून फाट्याकडं पळतो. कुत्रं म्हातारं झालं की माणसागत वागतंय.

तुझा,
बाळासो तात्या


सातारा,
१४ मार्च

ती. तात्यांना,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या घड्याळावर शंका घेतली याची माफी मागतो. चूक सापडली आणि ती घड्याळाची नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते! आपली वाडी मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य आणि चंद्र दोन्ही काही मिनिटं आधी उगवतात. निमिषदादांनी मोबाईलवर दाखवलं. तुमचे अडतीस त्यामुळेच आले असणार. हे कळल्यावर त्या रात्री मी शांत झोपलो.

आता २४ तारखेचं. त्या दिवशी होळी आहे हे मला माहीत आहे, पण महिन्यात तेवढीच एक संध्याकाळ मिळते. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड लावून ठेवा. जागा तीच, तुमच्या अंगणातल्या दगडी ओट्यापाशी, म्हणजे डाव्या बाजूला विजेचा खांब येईल, मधे घरांची छपरं आणि वर देऊळ. कॅमेऱ्याच्या चाकावर मी लाल खूण केली आहे ती हलवू नका. चंद्राची कड दिसली की वेळ टिपा आणि चंद्र पुरता सुटा होईपर्यंत थांबून थांबून काढत राहा. बटण दाबताना श्वास रोखा. (हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.)

दुपारी पळणाऱ्या कुत्र्याला बहुतेक ऊन सहन होत नसेल. त्याला पाणी ठेवत जा.

आपला,
रविराज


खडकेवाडी,
२६ मार्च

चि. रवी यास आशीर्वाद.

कार्ड पाठवतोय. औंदा माझी होळी पेटलीच न्हाई. एकट्यानं काय बोंबलायचं, आन् ते ऐकणार तरी कोन? कॅमेरा घेऊन उभा ऱ्हायलो. लाल खूण हलवली न्हाई, श्वास रोखला, सगळं हुकमाबरहुकूम.

पर रवी, चंद्र आला छत्तीसला. मी अजून पाणी पीत हुतो. वळून बघतोय तर कड डोंगरावर. तू म्हणालास मुंबईचं कॅलेंडर, ते खरं धरलं, मग मुंबई पुन्ना दोन मिनिटं सरकली व्हय?

बाकी एक गंमत. दुपारी जेवाय बसलो की आमटीवर गोल गोल वर्तुळं उठत्यात. माठात पाणी थरथरतंय. आधी वाटलं माझाच हात कापतोय, म्हणून हात मांडीखाली घालून बसलो. तरी उठली. मग वाटलं माझं डोस्कंच कापत असंल. वय झालं रं. तुज्या काकीचंही शेवटाला असंच व्हायचं, हातातली भाकरी हलायची.

सोमवारी शालूबाईचं दार उघडंना. कुलूप निघालं, पर दार चौकटीत रुतून बसलंय. खांदा लावला तवा उघडलं. लाकूड फुगलं असंल. तेल सोडलंय.

तुझा,
तात्या


सातारा,
६ एप्रिल

ती. तात्यांना,
शि. सा. नमस्कार.

तात्या, फोटो फार चांगला आलाय! चंद्रावरचे डाग दिसतात, छपरांवरची कौलं मोजता येतात. निमिषदादा स्वतः खुर्चीतून उठून बघायला आले. एकच खोट काढली त्यांनी, की फोटो तिरका आहे. बघितलं तर खरंच देवळावरच्या झेंड्याची काठी उजवीकडे कललेली आहे. बहुतेक ट्रायपॉडचा एक पाय खचला असेल. पुढच्या वेळी तिन्ही पायांखाली सपाट दगड द्या. तोवर मी हा फोटो कॉम्प्युटरवर सरळ करून बघतो.

छत्तीस मिनिटांचं कोडं माझ्या मते असं आहे. चंद्र दर महिन्याला एकाच जागी उगवत नाही. हिवाळ्यातली पौर्णिमा डाव्या हाताला, उत्तरेकडे उगवते आणि उन्हाळ्यात चंद्र उजवीकडे, दक्षिणेकडे सरकत जातो. डोंगर देवळाच्या उजव्या अंगाला थोडा बुटका असेल, म्हणून चंद्र तिकडून लवकर वर येतो. आता मी चाळीस सोडून छत्तीस धरले आहेत आणि पुढच्या दोन्ही वेळा त्यावरूनच काढल्या आहेत. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत ठेवल्यात. २२ एप्रिल आणि २२ मे. तो कागद भिंतीला चिकटवा. मेचा फोटो सगळ्यात चांगला येईल, त्या दिवशी सूर्य बुडतानाच चंद्र डोंगरावर असेल.

तुमच्या हाताच्या कापण्याची मला काळजी वाटते. मिरजेला जाऊन एकदा रक्तदाब दाखवून या. माजी सैनिकांचं कार्ड बरोबर न्या.

आपला,
रविराज


खडकेवाडी,
२४ एप्रिल

चि. रवी यास आशीर्वाद.

तिपाईखाली दगड दिले. वर पाण्याची वाटी ठेवून बघितली. पाणी काठाला सारखं. आता जर फोटू तिरका आला तर तुझा निमिषदादा तिरका.

चंद्र एकतीसला आला. तुझे छत्तीस म्हणून मी ओट्यावर टेकून बसलो हुतो. कड न्हाई, अर्धा चंद्र वर आला तवा नजर गेली. धावत जाऊन बटण दाबलं. आता तूच बघ.

आन् डोंगर उजवीकडं बुटका, हे तुला कुणी सांगितलं? ह्या डोंगरावर मी मेंढरं राखून मोठा झालो. वरून पाट्यावानी सपाट हाय. देवळाच्या ह्या अंगाला जेवढा तेवढाच त्या अंगाला. साताऱ्यात बसून डोंगराची उंची सांगू नगंस गड्या.

मिरजंला जाऊन आलो. डॉक्टरीण म्हणाली, आजोबा तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मग आमटी का हलती, हे इचारलं न्हाई. लोक आधीच बहिरा म्हणत्यात, आता खुळा म्हणतील.

औंदा भेगा लय पडल्यात. ते दरसालचंच. पर डोंगराच्या पोटाला, घरांच्या माघारी, एक भेग आडवी गेलीय. काठी घातली तर टोकाला भुई लागंना. शेळीचा पाय अडकला म्हणून दिसली, न्हाईतर गवतात कळतीय कुठं. दुष्काळ पाताळाला लागलाय. शालूबाईची, गुंडाच्या आईची आणि आणखी दोन घरांची दारं आता उघडत न्हाईत. भर उन्हाळ्यात लाकूड फुगतंय, हे मी कवा बघितलं न्हाई.

ढाण्या आता वाडीत झोपत न्हाई. जेवाण टाकलं की येतो, खातो आणि फाट्यावर जाऊन बसतो. काल माझ्या धोतराला धरून वढत हुता. मी लाथ हाणली. नंतर वाईट वाटलं.

तुझा,
तात्या


सातारा,
१३ मे

ती. तात्यांना,
शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. निवडणुकीच्या प्रचाराचं व्हिडिओचं काम होतं. तुमचं कार्ड दहा दिवस टेबलाच्या खणात पडून होतं. काल रात्री बघायला घेतलं.

तात्या, हे पत्र बसून वाचा आणि शेवटपर्यंत वाचा.

एप्रिलच्या फोटोतही झेंड्याची काठी कललेली आहे, मार्चपेक्षा जास्त. मी नेहमीसारखा फोटो फिरवला आणि काठी सरळ उभी केली. निमिषदादा मागे उभे होते. हसून म्हणाले, "अरे, देवाची काठी सरळ केलीस आणि विजेचा खांब पाडलास!" मी पाहिलं तर अंगणातला खांब खरोखरच आडवा व्हायला आला होता. छपरंही कलली होती. म्हणजे तुमचा फोटो पहिल्यापासून सरळ होता. मार्चमधलाही. तिरकी होती ती काठीच.

मग मी त्रिपुरीला स्वतः काढलेला फोटो शोधला. तोही त्याच ओट्यापासून काढलेला आहे. खांब आणि छपरं जुळवून दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. खालचं सगळं तंतोतंत बसलं. वरचं बसलं नाही. देऊळ त्रिपुरीपेक्षा खाली आहे, जवळपास त्याच्या दाराच्या उंचीएवढं खाली. त्याच्या दोन्ही बाजूंची डोंगराची कडही खाली आहे. आणि उजवीकडची बाभळ नाहीच.

पहाटे अंथरुणात आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून बसलो. कॅलेंडर मुंबईचं आहे हे खरं. पण त्रिपुरीला मी चाळीस मिनिटं मोजली तेव्हाही कॅलेंडर मुंबईचंच होतं! मग त्यावरून फेब्रुवारीत फरक कसा पडेल? इतकी साधी गोष्ट मला तेव्हा दिसली नाही. तुम्ही विचारलं होतंत, मुंबई पुन्हा सरकली का. मुंबई सरकली नव्हती. चंद्र चुकला नाही, तुमचं घड्याळ चुकलं नाही. दर वेळी मी हिशेब बदलला आणि झोपलो. चंद्र लवकर येतोय, कारण त्याच्या आड येणारा डोंगर कमी होतोय.

आज स्टँडवर जाऊन गुंडाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मागल्या अंगाला खडीसाठी डोंगर फोडत्यात की. त्रिपुरी झाली तवापास्नं. रोज दुपारी सुरुंग असतो, गाडीच्या काचा वाजत्यात. तात्यास्नी ऐकू येत न्हाई, पर तुला कुणी बोललं न्हाई व्हय?" मला कुणी बोललं नाही, कारण वाडीत बोलायला कुणी नव्हतंच. तुमच्या आमटीवरची वर्तुळं दुपारची आहेत. ढाण्या दुपारी पळतो. चौकटी रुतल्या त्या लाकूड फुगल्यामुळे नव्हे, घरं हादरल्यामुळे. आणि ती आडवी भेग घरांच्या मागे आहे, तिच्या वरचा सगळा डोंगर तुमच्या अंगणाकडे तोंड करून आहे.

सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "आरं, डोंगर कवा हलतो व्हय? फोटोत काय बी दिसतंय." सरकारी कचेरीत फोन केला तर लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज पोस्टाने पाठवलाय, दोन्ही फोटो जोडले आहेत.

तुम्ही त्याची वाट बघू नका. किल्ल्या कंबरेलाच राहू द्या, फक्त वाडी सोडा. फाट्यावर गुंडाभाऊंच्या आईकडे राहा, त्या आता तिथेच एका दुकानामागे राहतात. नाहीतर माझ्याकडे या. वळवाचा एक जरी पाऊस झाला तर त्या भेगेत पाणी जाईल. फोटो मला नको.

आपला,
रविराज


खडकेवाडी,
१६ मे

चि. रवी यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू लय बारीक बघतोस, ते चांगलं हाय. पर रातभर जागून बघितलेलं सकाळी पुन्ना बघावं.

डोंगर खाली बसतोय म्हणतोस. बसत असंल. काल मी ओट्यावर उभा ऱ्हाऊन निवांत बघितलं. रोज बघतो त्याच्याकडं, पर असं बघितलं न्हवतं. बाभळ न्हाई हे खरं. ती कवा गेली, हे मला सांगता येईना. ह्याचं मला जरा वाईट वाटलं.

भेगंत आता काठी घालत न्हाई. तिथपातूर जायला नको वाटतंय.

आता माझं ऐक. वीस-पंचवीस दिवसांत मेंढरं परत येतील. बाया, लेकरं येतील आन् सरळ घरात शिरतील. वाडीत कुणी नसंल तर त्यास्नी कोन सांगणार, की आत जाऊ नगा? तुझा अर्ज? म्हणून मी हितंच हाय. निजायला अंगणात, ओट्यावर. घरात निजत न्हाई, एवढं तुझं ऐकलं.

आन् २२ तारखंचा तुझा कागद भिंतीला हाय. त्या दिवशीचा फोटू काढून देतो. एक काम घेतलं ते अर्धं टाकायचं न्हाई. शिवाय तूच म्हणतोस, चंद्र किती वाजता येतो त्यावरून डोंगर किती बसला ते कळतंय. मग टेहळणी कुणी तरी कराय पायजे का न्हाई? वेळ टिपून पाठवतो. ती तुझ्या अर्जाला जोड.

त्यानंतर बघू. तोंडी सांगण्यावर पोस्ट सोडत नसतात, हे तुला म्हाईत हाय.

तुझा,
तात्या


आटपाडी गाडीत,
२२ मे, दुपार

ती. तात्यांना,

नमस्कार.

हे पत्र गुंडाभाऊंकडे देत नाही. मी स्वतः घेऊन येतोय. गाडी हलते म्हणून अक्षर वाईट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

गुंडाभाऊ चार दिवस रजेवर होते, म्हणून तुमचं पत्र मला आज सकाळी मिळालं. तुम्ही ओट्यावर निजता हे वाचलं आणि तसाच निघालो. दादांना नुसतं "जातो" म्हणालो. ते म्हणाले, "कॅमेरा ने बरोबर, आज आभाळ स्वच्छ आहे." मी नेला नाही.

म्हसवडच्या पुढे गाडी पंक्चर झाली. गुंडाभाऊ आणि ड्रायव्हर खाली उतरलेत. म्हणून हे लिहायला वेळ मिळतोय. मी तुमच्यासमोर उभा राहून कितीही ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही आणि माझ्या ओठांवरून तुम्ही तुम्हाला हवं तेवढंच वाचता. म्हणून सगळं कागदावर आणतोय.

मेंढरांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्यांना कुणीतरी सांगायला हवं. पण ते फाट्यावर उभं राहूनही सांगता येतं, सगळी त्याच वाटेने येतात. मी तुमच्याबरोबर फाट्यावर थांबतो, शेवटचं मेंढरू येईपर्यंत. नोकरी गेली तरी चालेल.

परवा रात्री इकडे वळीव झाला, असं गाडीतले लोक म्हणतात. रस्त्याच्या कडेला अजून पाणी आहे.

*

फाटा. गाडी आत्ता गेली.

ढाण्या इथेच आहे. मला ओळखलं, पण उठला नाही. तोंड वाडीकडे करून बसलाय.

इथून वाडीपर्यंत मला वीस मिनिटं लागतात, पळत गेलो तर दहा-बारा. फक्त एवढं लिहितो आणि पळतो. इथून डोंगर लांब असल्यामुळे चंद्र अंगणापेक्षा आधी दिसतो, हे मला माहीत आहे. तो फरक मी गाडीत काढून ठेवला होता. अजून त्याची वेळ झालेली नाही.

तात्या, चंद्र वर आलाय. लालसर आहे, धुळीतून दिसावा तसा. आजूबाजूला वारा नाही. झेंड्याची काठी मला कुठेच दिसत नाही. आणि चंद्र डोंगराच्या वर नाही. जिथे देऊळ होतं तिथे डोंगराला खाच पडली आहे. चंद्र त्या खाचेत आहे.

तुम्ही आत्ता ओट्यापाशी उभे असाल. श्वास रोखून.

मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आधी ते वाचा.

*

लेखी हुकूम

बाळासो काळेल, तोफखाना, निवृत्त.
पोस्ट : खडकेवाडी.

पोस्ट सोडा.
कॅमेरा, शेळी, घरं, सगळं आहे तिथे सोडा.
हा कागद आणणाऱ्याचा हात धरा आणि फाट्याकडे चालू लागा.
वेळ टिपायला थांबू नका.
मागे बघू नका.

हुकूम देणार : रविराज काळेल
ठिकाण : खडकेवाडी
तारीख : २२ मे २०२४
वेळ (तुमच्या हातात देताना लिहितो) :